हात फिरलेला दिसता कामा नये

मोजणीला आलेला माणूस मोठा सभ्य होता. शेवाळावर पाय पडू नये म्हणून तो टेप सांभाळत पायवाटेच्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत होता. दोन महिन्यांनी जे खरवडून वर डांबर ओतायचं, त्याला एवढं जपायचं. याला चांगुलपणा म्हणावं की थट्टा, हे मित्सुयोला कळेना. ती कुंपणाकडेला फळीवर गुडघे टेकून बसली होती. हातात तण काढायची बांबूची चपटी काडी होती आणि शेजारच्या टोपलीत मूठभर तण. माणूस जवळ आला तशी ती सवयीने बाजूला सरकली, त्याला वाट मिळावी म्हणून.

तिची सासू, तोकीबाई, जुलैत गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी गेल्याच आठवड्यात उरकले होते. धाकटा दीर कात्सुनोरी नागोयाहून आला होता, आणि आता हे घर त्याचं होतं. घर, बाग, दगडी दिवा, मेपलचं झाड, सगळं. सून कितीही वर्षं राबली तरी सुनेच्या नावावर काही चढत नाही. नवरा जिवंत असता तर गोष्ट वेगळी होती. पण योशितोला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि मूलबाळ नव्हतं. क्योटोच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, एवढी सपाट जागा म्हणजे सोनं. घर पाडून तिथे सहा गाड्या उभ्या राहतील, असं मोजणीवाल्याने सांगितलं.

कात्सुनोरी वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मित्सुयोला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. तो ओसरीवर बसून, हातात पेन्सिल घेऊन, यादी करत होता. पालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली त्यानेच खटपट करून मिळवली होती. खोलीला बाल्कनी होती, दोन कुंड्या मावतील एवढी.

"वहिनी, घाई काही नाही," तो म्हणाला. "नोव्हेंबरपर्यंत आरामात राहा. आणि बागेतलं काही हवंय का तुम्हाला?"

"छे छे, नको. असू द्या."

त्याने मान डोलावली आणि यादीतली ती ओळ खोडली. झालं. नागोयाला एकदाच विचारतात. मित्सुयो हातातली काडी तशीच धरून त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली. तिला काय हवं होतं हे कोणी पुन्हा विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं: तिला ही जमीन हवी होती. घराची तिला फिकीर नव्हती, घर काय, चार भिंती. नऊ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद एवढी ही हिरवी जमीन तिला मरेपर्यंत हवी होती.

ती सव्विसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोकीबाईंनी तिच्या हातात ही फळी आणि बांबूची काडी दिली आणि बाग दाखवली. दाखवण्यासारखं तिथे काही नव्हतंच, असं तेव्हा मित्सुयोला वाटलं. एक फूल नाही की एक फळ नाही. मेपलच्या सावलीत नुसतं शेवाळ, ऊन येतं त्या बाजूला दगडांच्या कडेने ठेंगणं काळपट हिरवं गवत, आणि पाण्याच्या दगडी कुंडीपाशी, सदा ओल्या कोपऱ्यात, गोल लवदार पानांची एक सरपटणारी वेल. कान ठणकला की त्या वेलीचं पान चुरगळून कानात थेंब पिळायचे, एवढाच काय तो त्या बागेचा उपयोग. गवताला तिथले लोक ड्रॅगनची दाढी म्हणतात. घरात नुसतं दाढी म्हणायचे. थंडीत त्याच्या पात्यांखाली गर्द निळे मणी धरतात, पण ते बघायला गुडघ्यावर यावं लागतं. उभ्या माणसाला ते दिसत नाहीत.

त्या पहिल्या वर्षी दगडांच्या कडेची जुनी दाढी जळाली होती, ती नव्याने लावायची होती. मित्सुयोने गड्डे सोडवले, तीन-तीन पात्यांच्या जुड्या केल्या, बोटाबोटाच्या अंतराने लावल्या. आठवडाभर कंबर धरून कण्हत होती. काम झालं तेव्हा तोकीबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओळ दिसते."

"हो आई, अगदी सरळ आली."

"तेच म्हणते. ओळ दिसते. बागेत हात फिरलेला दिसता कामा नये. काढ सगळं."

तिने काढलं सगळं. पुन्हा लावलं, वेडंवाकडं, आपोआप उगवल्यासारखं. या खेपेला तोकीबाई बघून काही न बोलता आत गेल्या. त्या घरात शाबासकी म्हणतात ती हीच, हे मित्सुयोला पुढे कळलं. दाढी मिळून यायला तीन वर्षं लागली, दोन जुड्यांमधली माती दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर कोणाला सांगून खरं वाटलं नसतं की ती कधी कोणी लावली होती.

शेवाळाची तर तऱ्हाच वेगळी. जानेवारीत जमिनीतून बर्फाच्या सुया उगवतात आणि शेवाळाला खालून उचलून धरतात. तसंच राहिलं तर ते सुकून मरतं. म्हणून सूर्य वर यायच्या आत उघड्या तळव्यांनी ते परत दाबून बसवायचं. हातमोजे चालत नाहीत, हाताला कळलं पाहिजे. मित्सुयोची बोटं दर हिवाळ्यात सुजून जांभळी व्हायची. उन्हाळ्यात भल्या पहाटे आणि दिवस कलल्यावर पाणी. भर दुपारी पाणी घातलं की शेवाळ शिजतं. पावसाळ्यात पक्षी किड्यांसाठी शेवाळ उलथून टाकतात, ते पुन्हा बसवून बांबूच्या काड्यांनी टाचायचं. आणि तण तर बारा महिने. बागेत शांत वाटतं हो, येणारा प्रत्येक जण म्हणायचा. वाटणारच. त्या शांततेपायी एका बाईचे गुडघे झिजले होते, ते कोणाला दिसणार?

योशितो गेला तेव्हा तोत्तोरीहून तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, की आता तिथे तुझं कोण आहे, ये इकडे. मित्सुयो गेली नाही. गल्लीत तिचं नाव झालं, काय सून आहे, सासूला टाकून गेली नाही. ती ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर सासूसाठी ती एक दिवसही राहिली नसती. ती राहिली या जमिनीसाठी. फळीवर गुडघे टेकले की डोक्यातला सगळा कालवा थांबायचा. योशितोचं रिकामं अंथरूण, जेवताना सासूचं गप्प तोंड, सगळं विसरायला व्हायचं. आणि त्या जमिनीतलं बोटभरही असं नव्हतं ज्याला तिचा हात लागला नव्हता.

आता या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच येऊन अडकलं. इथे कोणी काही देऊ केलं की एकदा नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा नको, जरा जास्त ओशाळून. तिसऱ्यांदा विचारलं की समजायचं, मनापासून देतंय, आणि मग घ्यायचं. पहिलं विचारणं हा नुसता शिष्टाचार. ते कोणी खरं धरत नाही. शेजारच्या ओकुमुराबाई दर हिवाळ्यात सुगुकी नावाच्या सलगमाचं आंबट लोणचं घेऊन यायच्या. ते वाडगं दारात तीनदा पुढे व्हायचं आणि दोनदा मागे. लोणचं शेवटी इथेच राहणार हे तिघींनाही माहीत, तरी तोकीबाईंनी पहिल्या फेरीत वाडग्याला हात लावला असता तर गल्लीत वर्षभर चर्चा झाली असती. मित्सुयो खेड्यातली, ती सुरुवातीला फसली होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ओकुमुराबाई "या ना चहाला" म्हणाल्या आणि ही खरंच गेली. त्या दिवशी संध्याकाळी तोकीबाईंनी तिला समोर बसवून जे सुनावलं ते तिच्या चांगलंच लक्षात राहिलं. तेव्हापासून तिच्या तोंडून कोणाच्याही पहिल्या बोलण्यावर हो गेलं नाही.

गेल्या वर्षीची जानेवारीतली गोष्ट. मित्सुयो शेवाळ दाबून आत आली, चुलीपाशी हात शेकत बसली. तोकीबाई तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या. त्या तिच्या बोटांकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तुला माझ्या नावावर दत्तक मुलगी म्हणून लावून घ्यावं म्हणते. कचेरीतून कागद आणायचा, सहीच्या जागी आपापले शिक्के मारायचे. म्हणजे माझ्या मागे बाग तुझ्याकडे राहील."

तेहतीस वर्षांत या बाईने तिला असं काही दिलं नव्हतं. मित्सुयोचे डोळे भरून आले आणि तोंडाने, अगदी शिकवल्याप्रमाणे, ती म्हणाली, "छे, असं कसं आई. मी कोण? नको."

तोकीबाईंनी मान हलवली आणि चहा मागितला.

दुसऱ्यांदा त्यांनी मे महिन्यात विचारलं. ओसरीवर दोघी बसल्या होत्या, शेवाळ न्हाऊन निघाल्यासारखं टवटवीत झालं होतं. त्यांनी तेच शब्द पुन्हा वापरले, फक्त या वेळी कागद आणून ठेवला होता, तो बाहीतून काढून हळूच मांडीवर ठेवला. मित्सुयोने दोन्ही हात जमिनीला टेकून मान खाली घातली. कात्सुनोरींचा हक्क आहे, मी बाहेरून आलेली, माझी काय योग्यता, असलं सगळं ती घडाघडा बोलली. बोलताना तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. दुसरं नको झालं होतं. आता एकच विचारणं राहिलं होतं.

त्या दिवसापासून ती तिसऱ्या विचारण्याची वाट बघू लागली. जून गेला. जुलै-ऑगस्टचा उन्हाळा गेला. मेपल लाल झाला आणि झडला. ती शेवाळावरचं एकेक पान वेचत होती आणि कान ओसरीकडे लावून होती. तोकीबाई खोकल्या तरी ही काडी खाली ठेवून बघायची. आपण होऊन विषय काढणं शक्यच नव्हतं; दोनदा नको म्हणून मग मागायचं, म्हणजे भिकाऱ्याहून वाईट. तिने एकदा शिक्क्याची डबी पुसून मुद्दाम टेबलावर ठेवली. तोकीबाईंनी डबी बघितली, उचलली आणि खणात परत ठेवली. मित्सुयोला वाटलं, म्हातारी खेळवतेय. इतकी वर्षं खेळवलं, आता जाता जाताही खेळवतेय. दुसरा हिवाळा आला. ती सुजलेल्या हातांनी शेवाळ दाबताना मनातल्या मनात सासूला शिव्या देऊ लागली, आणि आत जाऊन तिला कोमट पाण्याने पुसू लागली.

चौदा महिने असे गेले. जुलैच्या एका सकाळी तोकीबाई उठल्याच नाहीत. मित्सुयोने डॉक्टरला बोलावण्याआधी ओठांपाशी कान नेऊन बघितलं. श्वास आहे का, हे बघायला. निदान कात्सुनोरीला तिने तसं सांगितलं.

मोजणीवाला आणि कात्सुनोरी गेल्यावर ओकुमुराबाई मागच्या फाटकातून आल्या. त्या आता ऐंशीला टेकल्या होत्या, नवरा नव्हता, मुलगा ओसाकाला. त्या ओसरीवर बसल्या, बागेकडे बघत राहिल्या, सहा गाड्यांचं ऐकून चुकचुकल्या. मग म्हणाल्या, तोकीबाईंना हे आधीच दिसत होतं, त्यांना त्याचं वाईट वाटत होतं.

"वाईट वाटत होतं?" मित्सुयोचा आवाज चढला. तिचा आवाज त्या अंगणात कधी चढला नव्हता. "दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा तोंड शिवून घेतलं त्यांनी. मला झुलवत ठेवलं."

ओकुमुराबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"इथेच बसून सांगितलं त्यांनी मला," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, मी दोनदा विचारलं, पोर नको म्हणते. तिसऱ्यांदा विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. आपल्यात तिसऱ्यांदा कोण नाही म्हणतं? म्हणजे ती जन्मभर या मातीला जखडली. सगळा जन्म तिला मी गुडघ्यावर ठेवलं, आता मेल्यावर तरी तिला उठू दे. म्हणून नाही विचारत, म्हणाल्या."

त्या बाईने आयुष्यात एकदाच मित्सुयोवर माया केली होती, आणि ती मायाच तिच्या मुळावर आली होती. खडूसपणा केला असता, तिसऱ्यांदा विचारून बळजबरी केली असती, तरी बाग राहिली असती. नको म्हणजे नको असं त्या घरात चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं धरलं, तेही नेमकं आत्ता. तिला हसूही आलं, आणि हसता हसता ठसका लागला.

ओकुमुराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळेही ओले झाले होते, त्यात खोटं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर कुठे जाता या वयात. माझी मागची खोली रिकामीच आहे. या की माझ्याकडे. माझं अंगणही आहे, तिथे लावा तुमची दाढी."

"येते," मित्सुयो म्हणाली.

तिने दुसरं विचारणं येऊ दिलं नाही. लाज सोडून, पहिल्याच शब्दाला, तिने हो म्हटलं. आयुष्यात एकदा तरी वेळेवर हो म्हणायचं होतं तिला. "येते मी. याच महिन्यात येते. जुड्या मी आजच सोडवायला घेते."

पाठीवरचा हात थांबला. मग तो हळूच निघाला आणि ओकुमुराबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. त्यांनी मांडीवरचा रुमाल एकदा उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली.

"हो, हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे... मुलाला एकदा विचारायला हवं. तो नवीन वर्षाला येतो, सामान असतं त्याचं खोलीत." मग त्यांनी आकाशाकडे बघितलं, वाळत घातलेले कपडे आठवले, आणि वाकून वाकून निरोप घेत त्या फाटकातून गेल्या. फाटक त्यांनी अगदी आवाज न करता लावलं. मित्सुयोला त्यांचा राग आला नाही. त्यांनी काय चूक केली होती? रीतीप्रमाणे त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, आणि ही खेडवळ, लग्नानंतर पहिल्या महिन्यात चहाला गेली होती तशीच, आत शिरली होती.

ती ओसरीवरून उठली. पायात बाहेरच्या चपला होत्या. पायवाटेच्या पहिल्या दगडावर तिने पाय ठेवला, आणि दुसरा पाय दुसऱ्या दगडावर न ठेवता तिने तो शेवाळावर ठेवला. चौतीस वर्षांत तिने शेवाळावर कधी पाय दिला नव्हता, फळी टाकल्याशिवाय गुडघासुद्धा टेकला नव्हता. पाय घोट्यापर्यंत जाईल असं वाटलं, तेवढं ते मऊ होतं. ती मेपलखालून सरळ चालत गेली, दाढी तुडवत कुंडीपर्यंत, तिथून वेलीवरून कुंपणापर्यंत. टाच दाबून दाबून, मुद्दाम. कोणी ओरडेल म्हणून ती मध्येच थांबली, ओसरीकडे वळून बघितलं. ओसरीवर कोणी नव्हतं.

वळल्यावर तिला आपली पावलं दिसली. एकामागे एक, ठसठशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. या बागेत तिचं असं काही पहिल्यांदाच दिसत होतं. ती कुंपणाला टेकून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ऊन सरकलं, मेपलची सावली लांबली, संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली. तिने झारी भरली, कारण वेळ झाली होती, आणि पाणी घातलं.

पाणी पिऊन शेवाळ फुगलं. आधी बोटांकडची बाजू भरून आली, मग टाच. दाढीची पाती एकेक करून उभी राहिली. अंधार पडायच्या आत सगळी जमीन सारखी, हिरवी, शांत झाली, आणि तिच्यावरून कधी कोणी गेलं होतं असं सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. मित्सुयोने झारी पालथी घातली, काडी धुऊन जागेवर ठेवली आणि ती आत गेली.